मोहाच्या ढोलीतला त्रिशूळ

इतवारी, नागपूर
१७ जानेवारी १९७४

तीर्थरूप मामाजींच्या पायांशी जावई मधुकरचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे (हे वाक्य या पंधरवड्यात आजच खरं झालं), तिकडची खुशाली कळवावी. आपला डावा गुडघा कसा आहे? गेल्या शिवरात्रीला महादेवाच्या डोंगराखाली उघड्या जमिनीवर झोपून तो महिनाभर सुजला होता, तेव्हापासून थंडी पडली की पुष्पलता रोज त्याची आठवण काढते. वर्ध्याला थंडी बरीच आहे असं ऐकतो, तेव्हा काठीशिवाय अंगणातही जाऊ नये. मामीजींना नमस्कार. आपण तपकीर कमी केली असेल, अशी आशा मी ठेवत नाही.

पत्रास कारण, एक गोष्ट कबूल करायची आहे. आपल्या मुलीनं अरुंधतीच्या टायफॉइडमध्ये नवस केला होता, की पोर बरी झाली तर तिचा बाप खांद्यावर त्रिशूळ घेऊन महादेवाचा चौरागड चढेल आणि तो माथ्यावर वाहील. (नवस तिचा, खांदा माझा, आमच्या घरात कामाची वाटणी अशीच आहे.) म्हणून गेल्या शिवरात्रीला आपण सगळे गेलो. आपण सोबतीला म्हणून आलात आणि पायथ्याच्या भुराभगतला तुळसाबाईच्या चहाच्या झोपडीत बैठक मारलीत. ‘‘लोखंड वर नेऊन देवाले भंगारवाला काहून करता गा, जावईबापू?’’ असं आपण सगळ्यांसमोर विचारलंत, तेव्हा मला राग आला होता. मामाजी, तो त्रिशूळ वर गेलाच नाही.

इतवारीच्या लोहारानं प्रेमापोटी तो चांगला माणसाएवढा उंच केला होता, वर ‘चि. अरुंधती’ असं कोरलं होतं. माझा खांदा गांधीबागेत लुगड्यांचे गठ्ठे उचलणारा. पहिल्या तासातच त्याची साल निघाली. गर्दीत आपली माणसं पुढे गेलेली पाहून मी एका वाकड्या मोहाच्या ढोलीत त्रिशूळ सरकवला, झाडामागे दुपारपर्यंत झोप काढली आणि कपाळाला गुलाल फासून ‘हर हर महादेव’ करत खाली आलो. सगळे माझ्या पाया पडले. आपण तेवढे पडला नाहीत (आपण सासरे, पडणार तरी कसे), पण माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत.

या महिन्यात अरुंधतीला पुन्हा ताप भरला. नऊ दिवस उतरेना. आठव्या दिवशी पुष्पलता तिच्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता म्हणाली, ‘‘तुम्ही तं सोता त्रिशूळ वाहून आले, मंग देव काहून कोपून राहिला?’’ पोरीच्या अंगात माझं खोटं जळतं आहे, अशी माझी पक्की खात्री झाली. म्हणून संक्रांतीच्या दिवशी, सगळं गाव गोड बोलत असताना, दुकानाच्या कामाला छिंदवाड्याला जातो अशी आणखी एक थाप मारून मी निघालो.

मंगळवारी सकाळी भुराभगतला उतरलो. शिवरात्रीत जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे चिटपाखरू नव्हतं. यात्रेकरूंना वाट दाखवणारा तो दगडी भगत शेंदूर लावून एकटाच बसलेला. तुळसाबाईच्या झोपडीतून मात्र धूर येत होता. मी वाकून आत गेलो, तर चहा गाळून तयार. म्हणाली, ‘‘या भगत. तुमचा सोबती आत्ताच पुढं गेला ना. मांगून एक जण येते, त्याले उपाशी जाऊ देजो नोको म्हने.’’ मी म्हटलं, मी एकटाच आहे. ती म्हणाली, ‘‘असं कसं? म्हातारा होता, काठीवाला.’’ आणि भांडी घासायला लागली.

पुढच्या धुळीत काठीचे ठिपके होते. त्यांच्या शेजारी एक पाऊल नीट आणि एक घासत गेलेलं. मला जरा धीर आला, सोबत कोणाला नको असते? मी भरभर चाललो. पुढच्या वळणापलीकडे ठक्, ठक् असा आवाज यायचा. मी थांबलो की तोही थांबायचा. हाक मारली, तर माझीच हाक दरीतून जरा उशिरा परत आली. मग मी हळू चाललो, तर आवाजही हळू. एवढ्या रानात एक पाखरू ओरडत नव्हतं. झाडावरची वानरं बसल्या जागी माझ्याकडे न बघता पुढच्या वाटेकडे बघत होती. (मी मारुतिस्तोत्र सुरू केलं. अर्धंच येतं, तेवढंच फिरवून फिरवून म्हटलं.)

वाकडा मोह सापडला. ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. त्रिशूळ नव्हता. आत नुसता गारवा होता, आणि वरच्या वळणावरून कोणीतरी शिंकलं.

मामाजी, भूत शिंकत नाही, एवढं ज्ञान मला आहे. क्षणभर मी हसलोसुद्धा. पण मग वळण गाठलं, तर तिथे कोणी नव्हतं. परत फिरावं असं मनात आलं. पण खाली जाऊन पुष्पलतेच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? तेव्हा चढत राहिलो. दुपारी धुकं उतरलं आणि वाट दोन ठिकाणी फुटली. त्यातल्या एकीवर नुकतीच मोडलेली हिरवी फांदी आडवी टाकलेली होती. मी दुसरीनं गेलो. (माथ्यावर कळलं, फांदीमागची वाट चाळीस पावलांवर कड्यात संपते.) धुक्यातून अगदी जवळून आवाज आला, ‘‘चला भगत, थोडंच राहिलं.’’ यात्रेत हे वाक्य हजारदा कानावर पडतं, तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला भगतच म्हणतो. पण त्या दिवशी डोंगरावर भगत मी एकटा होतो.

माथ्यावर हजारो त्रिशूळ गंजत उभे होते आणि वाऱ्यानं त्यांच्यातून बारीक गुणगुण निघत होती. देवळाचं अंगण झाडणारा एक बाबा भेटला. आज त्या वाटेनं आलेला पहिला माणूस मीच, असं त्यानं शपथेवर सांगितलं. आणि अगदी कडेला, सरळ उभा, मला माझा त्रिशूळ दिसला. ‘चि. अरुंधती’. बाकी सगळ्यांना लाल फडकी बांधलेली. याला मात्र हिरवं, वर्षभराच्या उन्हापावसानं विटलेलं. मामाजी, मी तिथे बसून लहान मुलासारखा रडलो. नारळ फोडला, देवाची माफी मागितली आणि पलीकडच्या अंगानं पचमढीला उतरलो. उतरताना पुढे ठकठक नव्हती, तर तिच्यावाचून करमेना. कोणाचं काम हे, काही कळत नाही. देवाचंच असणार.

कळावे, लोभ आहेच.

आपला जावई,
मधुकर

ता. क. अरुंधतीचा ताप सोमवारी रात्रीच उतरला होता, म्हणजे मी डोंगराला पाय लावायच्याही आधी. काल घरी आलो तर ती संत्रं मागत होती. तेव्हा हे सगळं पुष्पलतेला कळायची काहीच गरज नाही. आपण सांगणार नाही, याची खात्री आहे. वर्षभर सांगितलं नाहीत, यावरून.

ता. क. २. ते हिरवं फडकं झेंडीचं आहे, कोपऱ्यात रेल्वेचा शिक्का अजून वाचता येतो. ती यात्रा आटोपून आम्ही परतलो तेव्हा आपली बस चुकली होती आणि आपण दोन दिवसांनी लंगडत आलात. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून मागे काय राहिलं ते बघणाऱ्या गार्डाला ती ढोली कशी सापडली, हे मी विचारत नाही. झेंडी सोडून आणलेली नाही. त्या गुडघ्यावर तो डोंगर चढलात, मामाजी, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. तोंडावर मला हे म्हणता येणार नाही, म्हणून पत्रात पाया पडतो.

ता. क. ३. खरं काम हे. गेल्या वर्षीचं कळलं. पण या मंगळवारी, पंधरा तारखेला, आपण कुठे होता? उलट टपाली कळवावं. आणि दिवसभर घरीच होता असाल, मामीजी साक्षीला असतील, तरी कृपा करून ‘मीच होतो’ असंच लिहावं.