विहिरीपर्यंतचा जिना

ता. १२ एप्रिल १९३४, लोणावळे
इंदुरीचे घर बंद करून चि. नानाने मला इथे आणले. त्याची आई गेल्यापासून त्याचा हाच धोशा. माडीवर तीन खोल्या, नळ थेट स्वयंपाकघरात. "सगळं हाताशी आहे, अण्णा. आता नुसतं बसायचं." जन्मभर पोरांना उभे राहून शिकवले, नदीचा घाट रोज चढलो-उतरलो. आता बसायचे म्हणे. जिना शिडीसारखा उभा, अंधारा, धरायला दोर.

ता. २० एप्रिल
नळाचे पाणी देवाला चालणार नाही, स्पष्ट सांगितले. नळात चामड्याची चकती असते. मागच्या अंगणात विहीर आहे. सकाळी कळशी घेऊन उतरलो. चढताना दम लागला, दोनदा टेकलो. पण आणले. रात्री झोप छान. नानाला पटत नाही. न पटो.

ता. ९ जून
विहिरीची सवय झाली होती. गुडघे कुरकुरत, पण ऐकत. आज उठतो तो देवापुढे कळशी भरलेली. सूनबाईने, सौ. कमलने, पहाटे सोवळ्याची धाबळी नेसून पाणी आणले. "जिना निसरडा झालाय, अण्णा. सोवळ्यातच आणलंय हो." सोवळ्यातले पाणी नको कसे म्हणावे? गुणी पोर. चकतीचे शास्त्र मीच काढले, भोगतो.

ता. २ जुलै
सज्जात येरझारा घालीत असे, तेही संपले. पावसासाठी बांबूचे तट्टे बांधले, आत जळाऊ लाकडे आणि ओली धोतरे. जेवण, आडवे, जेवण. कमल म्हणते, अजून भात घ्या. काय करून घेऊ? पोटऱ्या सैल पडल्या.

ता. २५ ऑगस्ट
गणू आला, इंदुरीचा शेजारी, माझ्याच वयाचा. तळेगाव ठेसनापर्यंत चिखलातून चालत, मग गाडी. "मास्तर, लय वाळला तुमी. कवा येताय? घर मी झाडतुया, पर मानूस न्हाई तितं." दसऱ्याला येतो म्हणालो. भिंत धरून जिन्याच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो. तो धडाधड उतरला. मत्सर वाटला, लिहून ठेवतो.

ता. १० ऑक्टो.
दसरा तोंडावर. उतरून बघावे म्हटले. कमल शेजारी गेली होती. निम्म्यात पाय लटपटायला लागले. ना वर ना खाली, दोर धरून बसून राहिलो. शेवटी कमल परतली, तिने बोलावलेल्या दोन हमालांनी उचलून वर आणले. त्यातला एक म्हणाला, "आबा, कशाला उतरायचं हो?" दसऱ्याचे राहिले.

ता. ३ डिसें.
आज नाना आपणहून म्हणाला, "रजा मिळतेय. इंदुरीला नेतो. राहा हवं तितके दिवस, गणूकाका आहेत. खुर्चीत बसवून खाली उतरवू." आल्या दिवसापासून हेच मागत होतो. पण तिथे पोचून करू काय? ओसरीवर बसून नदीचा आवाज ऐकू? घाटावर कोण खुर्ची नेणार? न्हाणीत जातानासुद्धा आता कमलचा हात लागतो.
"थंडी कमी होऊ दे," म्हणालो.
नानाला सुटल्यासारखे वाटले, तोंडावर दिसले. मलाही वाटले. त्याचीच भीती वाटते.