ढगांखालचा जुलै

अमरावती,
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय आकू,

सलाम. गोव्यात तू मजेत असशील. नवी नोकरी लागल्यावर कोण नसतं? काल मोर्शीला तुझ्या घरी जाऊन आले. काकूंनी पेढे दिले, दोनदा दिले. "तूच तिची खरी मैतरीन होय वं बाई," म्हणत माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी पेढे खाल्ले. चांगले होते.

तुझा छापून आलेला शोधनिबंध पुन्हा वाचला, ज्यावर ही नोकरी मिळाली तो. उपग्रहाच्या चित्रांत पाण्याचा रंग बघायचा आणि कुठल्या महिन्यात अरबी समुद्रात किती सूक्ष्म शेवाळ वाढतं, म्हणजे माशांना किती खायला मिळतं, ते काढायचं. पण पावसाळ्यात वर ढग. जुलै-ऑगस्टची चित्रं कोरीच. तू काय केलंस? मेचा आकडा घेतलास, ऑक्टोबरचा घेतलास आणि मधे सरळ रेघ ओढलीस. अगं, तळाचं थंड पाणी वर येतं ते त्याच दिवसांत. किनाऱ्याजवळ समुद्र सगळ्यात हिरवा असतो तो तेव्हाच. आणि हे आकडे अंदाजाचे आहेत, एवढंही तू कुठं लिहिलं नाहीस.

मसुदा तपासायला तू मलाच दिला होतास. मला पहिल्याच वाचनात दिसलं. "मस्त झालाय, पाठव," म्हटलं मी.

का, विचारशील. गेल्या वर्षी पाण्याचे नमुने घ्यायला जहाजावर विद्यापीठातल्या आपल्या विभागातून एकालाच जायचं होतं. सरांनी मला पाठवायचं ठरवलं होतं. तू त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलंस, "नगमाले घरचे जाऊ देनार नाही सर, तिले कायले अवघडात टाकता?" आणि स्वतः गेलीस. हे मला सरांनीच सांगितलं, तुझ्या समजूतदारपणाचं कौतुक करत.

आमच्याकडे, अंजनगावला, तेव्हा अब्बा केळीच्या गाडीसोबत बाजारात जाऊन परतताना माझ्यासाठी नवी बॅग घेऊन आले होते. "जाय बेटा, आपल्या खानदानात कोनी समुंदर पाह्यला नाही. तू पाहून ये, मंग आमाले सांग." तू मला एकदा विचारायचं तरी होतंस गं. माझ्या घरातलंही काही न बघता तू रेघ ओढून मोकळी झालीस. मला तुझा राग येतो. अजून येतो, जेवताना घास हातात असतानासुद्धा येतो.

तर, निबंधातली चूक मी निवड समितीला कळवली आहे, सगळे आकडे जोडून. माझं नाव बाहेर येणार नाही, असं उत्तर आलंय. सोमवारी ते तुला बोलावतील. नोकरी राहील असं मला वाटत नाही.

हे पत्र मुद्दाम साध्या टपालानं टाकते आहे. सोमवारी रडत रडत तू पहिला फोन मलाच करशील. "कोनं केलं वं असं?" म्हणून मी विचारीन, तुझ्यासोबत थोडी रडीनही. मग एक-दोन दिवसांनी पोस्टमन तुझ्या दारात येईल.

तोवर तुझी जिवलग,
नगमा