सहीवरचं टिंब

४ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
वर्षाची तपासणी झाली. साखर वाढली आहे, पण पधरा वर्षं मुरलेला मधुमेह तेवढा तोरा दाखवणारच. डॉक्टरांनी सागितल, की मधुमेह असलेल्या दर तिघात साधारण एकाच्या डोळ्यांना इजा होते. पाय, मूत्रपिंडं वेगळीच. मी गणित मांडलं. आपल्या घरी मधुमेही तिघे, त्यात बाबांचा पाय गेला. म्हणजे कोटा भरला, तू नि मी सुटलो!
डोळे तपासायची चिठ्ठी दिली आहे, पण छापखान्यात शब्दकोशाची मुद्रितं साचली आहेत. ती वाचून झाली की जाईन. माझ्या नजरेतून टिंबही सुटत नाही, असं मालक म्हणाले. वाचून तुला आनद होईल.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
टिब्या

९ जून
चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद.
तुझं गणित वाचून कपाळावर हात मारला. रोग काय घरटी एक असा रेशनवर मिळतो? बाबांच्या पायानं तुझ्या डोळ्यांची सुटका होत नाही, गाढवा.
आणि 'पधरा', 'सागितल', 'तिघात', 'आनद' हे काय आहे? लहानपणी आख्खी ओळ लिहून मग मागे येऊन एकेक टिंब द्यायचास, म्हणून तर टिंब्या झालास. आता सहीवरचंही गेलं. मला फार भीती वाटते रे. खड्ड्यात गेला शब्दकोश, आधी डोळे दाखव. नाहीतर येऊन बखोट धरून नेईन.
मी ठणठणीत आहे. शाळेच्या मैदानावर मुलींना धावायला लावते. काल संध्याकाळी बूट काढला, तर आत हरभऱ्याएवढा खडा! सकाळपासून असणार, मोजा फाटला तरी मला पत्ता नाही. मुली हसून बेजार झाल्या.
उत्तर लगेच धाड, मी वाटेकडे बघतेय.
ताई

१३ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
अक्षर तुझ्या भावजयीचं आहे, मी सांगतोय.
डोळे दाखवले. आत रक्त उतरलंय, त्याचे ठिपके नजरेपुढे तरंगतात. ओळ लिहून मागे यावं, तर टिंब आधीच दिलेलं दिसायचं. ते कागदावर नव्हतं ताई, माझ्या डोळ्यात होतं. सोमवारी लेझर आहे. उरलेली नजर टिकवायचा प्रयत्न करू म्हणतात. काम जमेल, अशी हमी देत नाहीत. मी घाबरलोय.
पण मुद्रितं वाचायची खोड गेलेली नाही. तुझं पत्र हिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. दिवसभर बुटात खडा आणि तुला कळला नाही? बाबांनाही चपलेतला खिळा आठ दिवस कळला नव्हता. मुली हसल्या असतील, मला हसू आलं नाही.
आजच्या आज पाय दाखव. नाहीतर मी येऊन बखोट धरीन, रस्ता दिसो न दिसो.
रागाव, पण जा.
तुझा,
टिंब्या

ता. क. सही माझी आहे. टिंब जागेवर पडलं का, ते कळव.