पाय लागलेलं पुस्तक

४ फेब्रुवारी, मंगळवार

काय करून बसले मी! तिसऱ्या तासाला आशियाचा वर्ग, विषय जपानी चहा. जेडनच्या बाकावरून ॲटलास खाली पडला आणि त्याचा बूट त्यावर. माझ्या तोंडून निघूनच गेलं — "पाय लागला ना? उचल, कपाळाला लाव!" इंग्रजीत, पण सूर थेट आईचा. त्यानं मुकाट्यानं लावला. वर्ग हसला, मीही हसले. पुढे चहा शिकवला.

५ फेब्रुवारी

जेडनच्या वडिलांची ईमेल — सरकारी शाळेत माझ्या मुलाला पूजा करायला लावली! प्रिन्सिपल मिसेस ओर्टिझनी वाचून दाखवली, मग शांतपणे, "वीणा, वॉज इट अ प्रेअर?"

सवय आहे हो ती! पण सवय कुठून आली विचारलं तर? सरस्वती म्हणू? बोंबला!

परवा मीटिंग. एचआरसुद्धा.

६ फेब्रुवारी

भीती वाटते. ग्रीन कार्डची फाइल याच नोकरीवर, यतीनचा व्हिसा माझ्या शेपटीला. नोकरी गेली तर देश सोडायला साठ दिवस. साठ दिवसांत या नोव्हाय गावातलं घर, इलाची शाळा, सगळं गुंडाळायचं!

यतीन म्हणाला, "यार, ॲटलास होता, गीता नव्हती. काही होत नाही." हे बोलताना त्याच्या हातून भाजी करपली. नवऱ्याला इतकी वर्षं ओळखते मी.

इला : "आई, व्हाय वुड यू इव्हन से दॅट?" बारा वर्षांची आहे. तिचाही हात रोज कपाळाला जातो, तिला कळतसुद्धा नाही.

७ फेब्रुवारी

सुटले — अर्धी. लेखी समज मिळाली. पुस्तक कपाळाला लावण्याचा अर्थ काय, असं एचआरच्या बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "नथिंग. इट मीन्स नथिंग." आणि सही केली.

नथिंग! पहिलीत पाटीला पाय लागला म्हणून रडले होते मी. लाज वाटते.

आता वर्गाचं दार उघडं ठेवायचं. कुणीही, केव्हाही येऊन बघणार.

१० फेब्रुवारी

कोरिया शिकवला. तिथे मोठ्यांना वाकून नमस्कार करतात, हे नुसतं सांगितलं. करून दाखवायची हिंमत झाली नाही. बाहेर बूट वाजले की वाक्य अर्धं राहायचं. जेडन तासभर मान खाली घालून बसला होता. बापानं घरी काय ऐकवलं असेल त्याला!

११ फेब्रुवारी

आज माझाच पाय लागला. तोच ॲटलास, माझ्याच टेबलावरून पडलेला. उचलला, टेबलावर ठेवला, बस. हात कपाळापर्यंत नेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

जेडन उठला, पुढे आला. ॲटलास दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "यू फरगॉट, मिस."

मी आधी दाराकडे बघितलं.