वाटून घेतलेल्या मासळीबाबत

प्रति,
मा. अधिकारी महोदया,
बेरोजगार भत्ता कक्ष, कामगार विमा कार्यालय,
बान लेम साक बंदर.

विषय : कामाचे तास कमी झाल्यामुळे बेरोजगार भत्ता मिळणेबाबत.
संदर्भ : माझा अर्ज नामंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदया,

मी खाली सही करणार ला-ओंग चाइनावा, मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात टूना साफ करते. उन्हाळ्यापासून बोटी कमी येऊ लागल्या. मुकादम आमच्या टेबलावरच्या निम्म्या बायकांना काढणार होते, तेव्हा आमच्यातली थोरली युपिन म्हणाली, "कुणी घरी बसायचं नाही. आलेला मासा वाटून घ्यायचा." आमच्याकडे भातही असाच वाटतात, त्यामुळे कुणाला वावगे वाटले नाही. तेव्हापासून प्रत्येकीला रोज जेमतेम दोन तास काम मिळते. उरलेला दिवस फाटकाशी बसावे लागते, कारण बोट लागली आणि जागेवर नसलो तर खाडा धरतात. दुसरीकडे मजुरीला जाण्याची सोय नाही.

दोन तास काम असलेली बाई बेकार ठरत नाही, असे आपण कळविले. खिडकीवरच्या साहेबांनी मला समजावले, "मावशी, निम्म्या जणी घरी बसला असतात तर त्यांना तरी भत्ता मिळाला असता. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" त्यांचे बरोबर असेल. मला मात्र तिथेच रडू आले.

मग आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. माझा वाटा बाकीच्यांनी घ्यायचा व मी बेकार व्हायचे, असे ठरले. मॅनेजर म्हणाले, "मी कुणाला काढत नाही. जायचं तर स्वखुशीनं राजीनामा लिही." स्वखुशीने सोडल्यास भत्ता फारच कमी मिळतो, हे आपल्याच खिडकीवर कळले.

माझे पती सोमनुएक मासेमारीच्या बोटीवर होते. त्यांची फुप्फुसे निकामी झाली असून ते ऑक्सिजनवर आहेत. सिलिंडरचे भाडे थकल्याने दुकानदाराने दोनपैकी एक परत नेला. उरलेला रात्रभर पुरला पाहिजे म्हणून ते तो दिवसा बंद ठेवतात आणि मी आले की म्हणतात, "आज बरं वाटतंय." ओठ निळे पडलेले असतात.

तरी भत्ता मंजूर करावा, ही विनंती. ते शक्य नसल्यास, मी नोकरीत असून माझे व्यवस्थित चालले आहे, असा दाखला कार्यालयाच्या शिक्क्यानिशी द्यावा. दुकानदार माझ्या शब्दावर उधारीने सिलिंडर देत नाही, आपल्या शिक्क्यावर देईल. दोन्हींपैकी जे लवकर होईल ते करावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ला-ओंग चाइनावा
दि. ९ सप्टेंबर, बुद्ध संवत २५६७

सोबत : आपले नामंजुरीचे पत्र, मी बेकार होण्यास हरकत नसल्याबद्दल टेबलावरच्या सर्व बायकांच्या सह्या.