भोपळ्यावरचा पहिला हात

बुधवार, ८ जानेवारी
ता. न्हाय. झटका न्हाय. खाल्लं: दोन घास भात, तो बी थुकला.
दिवाळीत आमच्या समरला तापात झटका आलता, तवा डॉक्टरांनी ही वही करायला सांगितली. ताप (ता.) किती, खाल्लं काय, तेवढंच लिहा म्हणालेत. पण लिहाय बसलं की बाकीचं बी उतरतंय. असू दे. सातवीपातुर शिकलेली वाया तरी जाईना.
आत्ती आज लेकीकडं गेल्या, हातकणंगल्याला. वन्संचे दिवस भरत आल्यात. जाताना उंबऱ्यात उभं राहून सासूपणा केलाच, भोपळ्यावरनं. भोपळा म्हंजे त्यांनी रविवारी माहेरनं आणलेला, पन्हाळ्याच्या खालनं. तांबडा, मांडीत मावंना एवढा. यष्टीत कंडक्टर म्हणाला, मावशी, ह्याचं हाफ तिकीट काढा. ह्या म्हणाल्या, पाच वर्साखालचा हाय, फुकट. सगळ्या गल्लीला सांगून झालंय.
तर म्हणाल्या, "भोगीला ह्येची भाजी करायची. माझा ल्योक आला की पयली सुरी तो लावंल, मग तू चिर. बाईनं अख्खा भोपळा फोडायचा नसतोय. पोराच्या आईनं तर न्हाईच."
मी म्हटलं व्हय. आमच्या आईकडं बी असंच. भोपळा म्हंजे घरचा थोरला लेक, बाईनं त्याला सुरी लावायची न्हाय.
हे हुपरीत. संक्रांतीच्या चांदीच्या पैंजणाच्या ऑर्डरी हाईत, कारखान्यातच झोपत्यात. भोगीला येतो म्हणालेत.

गुरुवार, ९ जानेवारी
ता. न्हाय. खाल्लं: सकाळी न्हाय. दुपारी न्हाय.
पंधरा महिन्याचं पोरगं, खांद्याची हाडं लागाय लागल्यात हाताला. डॉक्टरांकडं नेलं. म्हणाले, दात येत्यात. भोपळा शिजवून कुस्करून द्या, मऊ, गोडसर, खाईल.
भोपळाच का सांगावा.
कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडं गेले, एक फोड मागितली. म्हणाली, "भोगीला वांगं आन् पावटा ग बाई, भोपळा उद्या येनार." घरी आले तर हा रडून निळा. माळ्यावर भोपळा.
मग मला ते सुचलं. गडी पायजे न्हवं पयल्या हाताला. समर बी गडीच की.
मांडीवर घेतला, सुरीच्या मुठीवर त्याची मूठ ठेवली, वरनं माझी. दाबलं. कडाककन वाजलं आन् हसला. दोन दिसांत पयल्यांदा हसला. मग मी एकटीनं खालनं, बाजूनं, परत वरनं असं करत फोडला. लई घट्ट हुता.
खाल्लं: भोपळा एक वाटी. सगळा. वाटी चाटली.
मी त्याच्याम्होरं बसून रडले. बरं वाटून.
दिवस कलायला शेजारची अक्का आली विरजण मागायला. ताटात पालथा घातलेला अर्धा भोपळा दिसलाच तिला.
"आत्ताच फोडलास? मालक आलंतं का?"
"न्हाय. आमच्या समरनं फोडला." मी हसत म्हटलं.
ती बी हसली आदी. मग तोंड बदललं. म्हणाली, "म्हंजे थोरल्या लेकाच्या हातनंच थोरला लेक चिरलास व्हय." विरजण न घेताच गेली.
असं कसं बोलाय आलं तिला. मला का न्हाय सुचलं हे आदी.

शुक्रवार, १० जानेवारी
सकाळी ता. ९९. औषध दिलं.
बारा वाजता १०२. ओल्या फडक्यानं पुसलं.
चारला

शनिवार, ११ जानेवारी
काल पुढं लिहायला झालं न्हाय.
चारला डोळं वर गेलं. हातपाय ताठ, तोंडाला फेस, हाक मारली तर बघंना. दिवाळीत लगी थांबलं हुतं, ह्या टायमाला थांबंना. मी दारात येऊन वरडले. अक्काच धावत आली, तिच्या मालकांनी रिक्षा काढली. रिक्षात तिनं समरचं पाय धरलेलं, माझ्याकडं एकदा बी बघिटलं न्हाय.
दवाखान्यात सुई दिल्यावर थांबलं. आता निपचित पडून हाय. हाताला पट्टी, सलाईन. माझं दूध बी घेईना.
डॉक्टरीणबाई लहान पोरगीच हाय, माझ्याएवढी असंल. म्हणाली, ताप मेंदूत गेलाय का बघाय लागंल, पाठीतनं पाणी काढू. मला भाईर जा म्हणाली. दाराभाईर ऐकू आलं ओरडलेलं. ते बरं म्हणायचं, ओरडला तरी.
हे हुपरीतनं थेट आले. हाताला चांदीची काळी पावडर तशीच. सिस्टर म्हणाली, "पावणं, आदी हात धुवून या, मग पोराला हात लावा." हात धुतलं तरी लांबनंच बघत उभं राहिले.
सांगायला तोंड उघडलं दोनदा. न्हाय सांगितलं.
ता. सकाळी १०३. संध्याकाळी १०२.

रविवार, १२ जानेवारी
ता. १०१, मग १०३. झटका न्हाय.
पाण्याचा निकाल थोडा आला, थोडा बाकी हाय. थोडा म्हंजे काय, म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अजून नक्की सांगता येत न्हाय, थांबायला लागतंय." कुणीच नक्की सांगंना. मला एकटीलाच नक्की म्हाईत हाय काय झालं ते.
मग ह्यांना सांगितलं. जिन्यात. सगळं. सुरी, मूठ, आवाज, हसलेला.
ह्यांनी नखातली काळी पावडर खरवडली. मग म्हणाले, "भोपळ्याला काय कळतंय कुणाचा हात हाय ते."
मग माझ्याकडं वळले.
"दिवाळीत झटका आला तवा कुठला भोपळा फोडलेलास?"
खरं हाय ते. पण खरं हाय म्हणून भ्या जातंय असं न्हाय. दिवाळीत झटक्यानं मिनिटात सोडलं हुतं त्याला. आता न्हाय सोडलं.
म्हणाले, आईला सांगू नगंस. मी बघतो.
दुपारी आत्ती आल्या. वन्संना सोडून आल्या, लेकीचे दिवस भरलेले असताना. समरच्या कपाळावर हात ठेवून तशाच उभ्या. मग म्हणाल्या, अक्काचा फोन आलता.
हे लगी म्हणाले, "भोपळा मी फोडलाय. गुरुवारी येऊन गेलतो."
आत्ती म्हणाल्या, "बरं."
एवढंच. परत त्या विषयाला हात न्हाय लावला.

सोमवार, १३ जानेवारी. भोगी
ता. सहाला १०२. दहाला १०१. दूध दोन घोट.
मला वाटलं ह्या वर्साला भोगी न्हाय. आत्ती म्हणाल्या, "पोरगं आजारी हाय म्हणून देव उपाशी ठेवायचा व्हय? उलटं करतीस. चल घरी. तो बसतोय पोराजवळ."
मला यायचं न्हवतं. समरचं बोट माझ्या बोटात हुतं, झोपेतच धरलेलं. ह्यांनी सोडवलं हळू, पैंजणाची कडी सोडवावी तसं, आन् आपलं बोट घातलं त्यात.
घरात सगळं शुक्रवारचं तसंच. पाट तिथंच, ओलं फडकं वाळून कडक झालेलं, वाटीच्या कडंला गुरुवारचा भोपळा चिकटलेला. आत्तींनी वाटी बघिटली, घासली, पालथी घातली.
मग ताटातला अर्धा भोपळा उचलून खिडकीत नेला. फिरवून फिरवून बघिटला. चिरलेल्या कडंवरनं अंगठा फिरवला.
"ह्यो माझ्या लेकाचा घाव न्हाय."
मी लसूण सोलत हुते. थांबले.
"तो चांदीची तार कापतोय. एक घाव घालतोय, सरळ. ह्यो चार बाजूनं कुरतडलाय. बाईचा हात हाय ह्यो."
म्हटलं, व्हय.
"एकटीनं?"
"न्हाय. समरचा हात धरलेला. पयला त्याचा."
पदर तोंडाला लावून खाली बसल्या. बाहेर कुणाचं तरी भोगीचं तीळ भाजल्याचा वास. मला वाटलं आता बोलतील, बोला तरी, शिव्या घाला, काय तरी. उठल्या आन् म्हणाल्या, "साल काढू नगंस. मोठ्या फोडी कर."
मग भाजी केली. हात आपला आपण चालतोय, बरं हाय. तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, तो लाल हुईपातुर थांबायचं, मग कांदालसणीची चटणी, फोडी. पाणी आत न्हाय घालायचं, झाकणावर घालायचं, वाफंवर शिजू द्यायचं. वरनं तीळ आन् शेंगदाण्याचा कूट. आमच्यात गूळ घालत न्हाईत, तिखटच करत्यात. आत्तींनी तीळ लावून बाजरीची भाकरी थापली. फोडी तांबड्याच्या पिवळ्या झाल्या. मला त्या बघवंनात.
निवदाचं चाखायचं नसतंय. उतरवल्यावर आठवंना मीठ घातलं का न्हाय. किती आठवलं तरी आठवंना. आत्तींना विचारलं. म्हणाल्या, "देवाला सांग, सून पोराच्या काळजीत हाय, आज असंच खा."
म्हणताना हसल्यागत झाल्या.
निवद दाखवून डबा भरला. रिक्षात डबा मांडीवर घेऊन आत्ती म्हणाल्या, माझ्याकडं न बघता:
"तुझ्या नवऱ्याचा बी हात मी असाच धरलेला. तुझं मामंजी तवा परगावी हुतं. घरात दुसरं काय शिजवायला न्हवतं. दोन वर्साचा असंल."
म्हटलं, मग?
"मग काय. हाय की समोर. घोड्याएवढा."
रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. खरं हाय का मला जरा श्वास यावा म्हणून सांगितलं, कळंना. खरं असंल तर बुधवारी उंबऱ्यात का सांगितलं मला, हात लावू नगंस म्हणून. खोटं असंल तर असलं खोटं ह्या बाईला सुचलं कसं.
दवाखान्यात ह्यांनी डबा उघडला. एक घास खाल्ला, मग सावकाश दुसरा.
"मीठ न्हाय," म्हणाले. सगळी खाल्ली.
ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, लहानपणी तुमचा हात धरून आत्तींनी भोपळा फोडलेला, आठवतंय का.
"तवा मी केवढा असणार," म्हणाले.
संध्याकाळी ता. १०२. समरचा हात थरथरला एकदा. सिस्टर म्हणाली, झटका न्हवं, थंडी. मला दोन्ही सारखंच दिसतंय.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत
सकाळी ता. १०१. डोळं उघडलं. माझ्याकडं बघिटलं का माझ्या मागं बघिटलं, सांगता येत न्हाय. हाक मारली, "समर, सोन्या." मान वळली न्हाय. ह्यांनी चावी वाजवली, तिकडं जरा डोळं गेल्यागत वाटलं. ह्यांना वाटलं. मला न्हाय वाटलं.
डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बॅटरी लावून बघिटलं. लिहून घेतलं. राहिलेला निकाल आज संध्याकाळी न्हायतर उद्या. म्हटलं बाई, तुमास्नी काय वाटतंय तेवढं सांगा. म्हणाली, "ताई, मी वाटण्यावर बोलत नाही." मग जाता जाता थांबून माझ्या खांद्याला हात लावला. त्याचंच जास्त भ्या वाटलं.
अक्का आली. बायकांच्यात संक्रांतीचं वाण द्यायचं, ती नुसता तिळगूळ घेऊन दारात उभी. आत आली न्हाय. म्हणाली, "मी बोलले ते मनात धरू नगंस ग." म्हटलं, न्हाय धरलं. धरलंय. तिनं न्हाय घातलं माझ्या मनात, ते हुतंच तिथं, तिनं फकस्त लाईट लावली.
आत्तींनी सकाळी घरी जाऊन राहिलेल्या भोपळ्याचं बी काढलं. धुऊन, राख लावून, कागदात बांधून दवाखान्यातच घिऊन आल्या. उशाखाली ठेवलं समरच्या.
"काय करायचं ह्येचं?" हे म्हणाले.
"लावायचं. मिरगाला. मागं परड्यात. आळ्याला पाणी घालायला कोण तरी लागतंय की."
कोण ते न्हाय बोलल्या.
मी वही घेतली. दुपारचं सगळं लिवून झालं. खाल्लं: साखरेचं पाणी तीन चमचं, एक भाईर आला. लघवी एकदा. झटका न्हाय.
आता सहा वाजल्यात. तापाचं वाजणारं मशीन समरच्या काखंत लावलंय, हात वरनं दाबून धरलाय मी, त्या दिवशी मूठ धरलेली तसाच. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.
अजून वाजलं न्हाय.