पाठीवरचं बोट

बाबा, मागच्या आठवड्यात मला डोळ्यांच्या दवाखान्यात एका मोठ्या पांढऱ्या यंत्रापुढं बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि बाजूला कुठंही उजेड चमकला की हातातलं बटन अंगठ्यानं दाबायचं. बटन हातात आलं आणि मला हसूच फुटलं. तिथल्या मुलीला वाटलं, बाई घाबरली. पहिलं मिनिटभर मी भराभर दाबत होते. मग बराच वेळ काही चमकलंच नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं असेल, आता ही मुलगी येऊन काहीतरी करेल. यंत्र चालूच होतं. उजेड येत होता, जात होता, मला दिसत नव्हता. डॉक्टरांनी कडेनं काळा झालेला कागद पुढं ठेवला आणि विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता का. म्हटलं, वडलांना. कधी कळलं? म्हटलं, फार उशिरा. जे गेलं ते येत नाही, म्हणाले, उरलंय ते थेंबांनी टिकतं, तुमच्या वडलांचंही टिकलं असतं. तुमचे जावई शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी लगेच थेंबांचं नाव लिहून घेतलं. मी मात्र त्या "टिकलं असतं"पाशीच अडकून बसले होते, बाबा, कारण डॉक्टरांना कळलं त्याच्या कितीतरी वर्षं आधी मला कळलं होतं.

थंडी पडली की तुम्हाला घरात चैन पडत नसे. चिखल्याच्या खाणीत तुम्ही टाइमकीपर. आठवडाभर लोकांच्या हजेऱ्या लावायच्या आणि रविवार आला की गळ्यात स्टॉपवॉच अडकवून कुठल्या ना कुठल्या गावच्या शंकरपटाला, बैलजोड्यांच्या शर्यतीला निघायचं. शेजारच्या काकांची जीप. पुढं ते आणि तुम्ही, मधे आई आणि काकू, मागं मी आणि डबे. आईच्या लाखोरीच्या वड्यांचा वास सगळ्या जीपभर. तुम्ही त्या घड्याळात कशाचीही वेळ लावायचे. आईला साडी नेसून बाहेर यायला किती लागले, मोहाडीच्या टपरीवर चहाला उकळी यायला किती, वैनगंगेचा पूल ओलांडायला किती. आई म्हणायची, या माणसाला बायको नको होती, भोंगा हवा होता. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं तेवढ्या बोलण्याचीही वेळ सांगायचे. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोनतीन वर्षं झाली होती, पण पटाला ती हद्द ठाऊक नव्हती. तिकडच्या जोड्या इकडे येत, इकडच्या तिकडे जात आणि घड्याळ धरायला दोन्हीकडून निरोप तुम्हालाच येत. तुम्ही असलात की कोणी दुसरं घड्याळ लावत नसे. तुमचा आकडा माइकवरून सांगितला की वाद संपला.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा तुम्ही मला टेबलामागं बसवलं. आकडे लिहायला, असं सगळ्यांना सांगितलं. नांगरून, पाणी मारून, दाबून केलेली, जोड्या पळायची ती लांब मातीची दान, पलीकडच्या टोकाला झेंडीवाला, अलीकडं आपल्यापुढं चुन्याची रेघ. एकेक जोडी सुटते, छकडीवरचा धुरकरी ओरडतो, धूळ उठते, आठ-नऊ सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. पहिली जोडी येण्याआधी तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मले झेंडी दिसते माय, समोरचं दिसते. जोडी येते ते नाई दिसत. एकदम अंगावरच येते. बैलाचा पाय रेघीवर पडला का माह्या पाठीले बोट लावजो." मी विचारलं, डोळ्याला काय झालं. तुम्ही म्हणालात, "काही नाई. कोनाले सांगू नको. तुया आईले बी नाई." आणि झेंडी पडली. मी बोट लावलं. घड्याळ थांबलं.

तीन हिवाळे असे गेले. खोटं नाही सांगत, मला त्याचा गर्वच होता. तुमच्या स्वेटरच्या मागं, खांद्याच्या जरा खाली माझं बोट आणि समोर हजारभर माणसं आपल्या आकड्याची वाट बघतात. खाणीतही तुम्ही कसं निभावत होतात ते मला आता कळतं. हजेरीचं पुस्तक डोळ्यांसमोर आणून धरायचे, माणसं आवाजावरून ओळखायचे. दारात उभ्या असलेल्या माणसाला तुमचा धक्का लागला की लोक म्हणत, साहेब विचारात आहेत. मी आईला सांगायला हवं होतं. आई रडली असती, दोन दिवस घरात भांडण झालं असतं आणि तिसऱ्या दिवशी तिनं तुम्हाला ओढत नागपूरला नेलं असतं. मी सांगितलं नाही. तुम्हाला डोळे हवे होते तेव्हा मी बोट दिलं आणि त्यातच आपण दोघं खूश राहिलो.

मग एकोडीच्या काकांचा तो पट आला. म्हणजे पट शेजारच्या गावचा, पण आपला मुक्काम कायम त्यांच्याकडेच असायचा. पटातल्या या जुन्या दोस्तावर तुमचा भारी जीव. त्यांच्या घरची ती पांढरी जोडी आणि त्यांचा तो विचित्र नेम आठवतो? आपली जोडी सुटली की ते तिच्याकडे पाहायचेच नाहीत. आपलीच नजर लागते म्हणायचे. दानीकडं पाठ करून, तुमच्या टेबलाकडं तोंड करून उभे राहायचे, हात बांधून, आणि खुरांचा आवाज ऐकायचे. त्या वर्षी जोडीतला एक बैल उतरणीला लागला होता. पुढच्या हंगामात तो धावणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी उभ्या आयुष्यात पहिला नंबर घेतला नव्हता आणि त्या दिवशी तो येणार असं गावभर बोललं जात होतं.

त्याच पटात आणखी एक गोष्ट ठरलेली होती, आणि ती माझी होती. पटाला पाहुणे येतात, सोयरिकी तिथंच बोलल्या जातात. रीतसर पाहण्याआधी मुलानं मुलीला आणि मुलीनं मुलाला गर्दीत एकदा बघून घ्यायचं, कोणी कोणाशी बोलायचं नाही. स्थळ काकांनीच आणलं होतं. आईनं सकाळी माझी वेणी घालता घालता सांगितलं, चौकड्याचा शर्ट आहे, उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभा राहणार आहे, आणि हावऱ्यासारखी बघू नको. म्हणून मी दिवसभर तिकडं मान वळवली नाही. एकेक जोडी येत होती, माझं बोट पडत होतं, मी आकडे लिहीत होते. शेवटी काकांची जोडी लागली. त्यांच्या आधी गोंदियाकडच्या एका जोडीनं फार कमी वेळ घेतला होता. काका दानीकडं पाठ करून आपल्यापुढं उभे राहिले. झेंडी पडली, तुमचा अंगठा दाबला गेला.

जोडी रेघेवरून गेली आणि तुम्ही घड्याळ थांबवलं. आकडा गोंदियावाल्यांपेक्षा केसभर जास्त. लोक आधीच टोप्या उडवत होते, जोडीचा वेग बघून ती जिंकलीच असं सारे धरून चालले होते. माइकवरून आकडा सांगितल्यावर जो गलका उठला! माणसं टेबलापर्यंत आली. कोणी म्हणालं घडीवाला झोपला, कोणी त्याहून वाईट. तुम्ही घड्याळ हातात धरून बसलेले, चेहरा पांढराफटक. तेव्हा काकाच मधे आले. आवाजही चढवला नाही त्यांनी. "घडीत आलं ते आलं," म्हणाले. "मी हरलो. तुमाले काय तरास हाये?" ज्याचं नुकसान झालं तोच असं म्हणाल्यावर लोक पांगले. काका बैलाच्या मानेवर हात ठेवून घराकडं चालू लागले. तुम्ही त्यांना हाक मारायला तोंड उघडलंत आणि ते ज्या बाजूला गेले त्याच्या भलत्याच बाजूला पाहत राहिलात.

परतीच्या वाटेवर आई खुशीत होती. मुलाकडून होकाराचा निरोप आला होता. ती काकूंशी साड्यांचं बोलत होती. तुम्ही पुढं बसून रिकाम्या मुठीवर अंगठा दाबत होतात, पुन्हा पुन्हा. लाखनी मागं पडल्यावर म्हणालात, "अंगठा म्हातारा झाला, माय. आता घडी दुसऱ्याच्या हाती देऊन टाकतो." त्या दिवशी मी मधल्या सीटवर, तुमच्या बरोबर मागं बसले होते. हात पुढं केला असता तर तुमच्या पाठीला लागला असता. सगळं तोंडाशी आलं होतं. पण मी सांगितलं तर पुढं काय होईल, हेही दिसत होतं. आईला डोळ्यांचं कळेल. काकांना कळेल. आणि त्याहून जास्त म्हणजे, ते स्थळ मोडेल. पहिल्याच दिवशी पायगुण दिसला म्हणतील, आणणाऱ्याचाच नंबर गेला म्हणतील. म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं. मग पहिलं बाळंतपण होऊ दे म्हटलं. तुम्ही स्टॉपवॉच आईच्या ट्रंकेत टाकलं. आईच्या साडीची वेळही कधी लावली नाही. एकोडीला गेला नाहीत, काकांचे निरोप आले की पाय दुखतात म्हणायचे. जीप दुसऱ्या कोणाच्या भाड्यानं जाऊ लागली.

डोळे पुरते गेल्यावर तुम्ही माझ्याकडं यायचे महिना महिना. दुपारी मी पेपर वाचून दाखवायचे. वाईट बातमी आली की मी गाळायचे. पटांवर बंदी आली ती बातमी मी गाळली, खाणीतल्या तुमच्या जोडीदाराच्या निधनाची गाळली. तुम्ही ऐकून घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "आज पान लवकर सरलं." दिसत नव्हतं तरी एका पानाला किती वेळ लागतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. अशा किती दुपारी मिळाल्या मला. घरात आपण दोघंच, तुमचा हात खाटेच्या कडेवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी पेपरची घडी घालून चहा ठेवायला उठायचे. बंदी उठायच्या आधीच तुम्ही गेलात.

यंदा पट पुन्हा जोरात भरला. आम्ही दोघं गेलो. काका आता काठीशिवाय उठत नाहीत, नातवाची जोडी होती, तरी दानीकडं पाठ करूनच बसले होते खुर्चीवर. तुमचे जावई चहा आणायला गेले, तेव्हा काकांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "तुया बाबाले दिसत नवतं, मले मालूम होतं. मी तं आपल्या जोडीले पाहत नाई. मी तुयं बोट पाहत होतो, बेटा. तीन साल पाहत होतो." मी आपल्या बोटाकडं पाहिलं. ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी खूर रेघीवर वाजले अन् बोट मंग पडलं. काहून?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं, काका. त्यांनी मान हलवली. मी विचारलं, मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात. म्हणाले, "बोललो असतो तं त्याचे डोळे अख्ख्या पटात उघडे पडले असते. म्हटलं, तो एकोडीले येईन तव्हा सांगीन, तुया अंगठ्याचा कसूर नाई म्हनून. तो आलाच नाई." एवढ्यात चहा आला. काकांनी जावयांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, स्थळ मीच आणलं होतं, आहे ना ध्यानात. सगळे हसले. मीही हसले.

तर बाबा, तुम्ही लपवलं, काकांनी लपवलं, मी लपवलं, आणि प्रत्येकाला वाटलं आपण दुसऱ्याला वाचवतोय. आता माझ्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब पडतो. जावईच घालतात, वेळ पाहून. मान वर करून बसते आणि त्यांचा चेहरा दिसतो तेवढा दिसतो, कडेचं पुसट. काकांना मी "लक्ष नव्हतं" म्हटलं, ते अर्धंच खरं आहे. लक्ष होतं, दुसरीकडं होतं. काकांची जोडी अर्ध्यात आली असेल तेव्हा मी मान वळवली. रसाच्या गाडीजवळ चौकड्याचा शर्ट होता आणि तो माझ्याकडेच पाहत होता. मला हसू आलं. मग धूळ अंगावर आली, मी घाईनं बोट लावलं. तुमचा अंगठा अगदी बरोबर होता.

तुम्ही असता तर हे पत्रही मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं. इथवर आल्यावर हा शेवटचा भाग मी गाळला असता, आणि तुम्ही म्हणाला असता, आज पान लवकर सरलं.